मी बसवलेला देव

दिवाळी सरली, तुरीला पिवळी फुलं लागली आणि सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटली, की माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर ज्यांना माझी आठवण नसते ती माणसं एकदम माझ्या तब्येतीची चौकशी करतात. तब्येत दोन वाक्यांत आटोपते आणि मग खरा प्रश्न येतो, "मॅडम, या वेळी लांडगा नक्की ना?" यंदा एकानं तर वेळही ठरवून टाकली होती. साडेसात ते आठमध्ये लांडगा झाला, तर नाश्ता करून त्यांना दहापर्यंत नांदेड गाठायचं होतं. मी म्हटलं, त्याला विचारून कळवते. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एरवी मी आखाडा बाळापुरात शिकवण्या घेते. दिवाळी ते होळी मात्र डोंगरकड्याच्या वरच्या माळावर आणि ईसापूर धरणाच्या पाण्यावर लोकांना पक्षी नि जनावरं दाखवत फिरते. नोकरीची वाट बघता बघता हे काम गळ्यात पडलं. एका संस्थेनं दहा दिवस शिकवलं, टोपी, दुर्बीण आणि चित्रांचं पुस्तक दिलं, आणि 'गाईडबाई' म्हणून मला माळावर सोडून दिलं. चार वर्षांपूर्वीचा तो माझा पहिला हिवाळा. पुस्तक तोंडपाठ होतं, माळ पाठ नव्हता.

तो हिवाळा आठवला की आधी पाय आठवतात. मोज्यांत अडकलेली कुसळं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक उपसायची. सकाळी हरभऱ्याच्या रानातून गेलं की पानांवरचं आंबट दव पोटऱ्यांना लागून चरचरायचं. काटेरी करडईच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालायचं म्हणजे ओढणी दोन्ही हातांनी वर धरूनच. वारंगा फाट्यावर पाहुण्यांच्या गाड्या यायच्या, तिथं ट्रकवाल्यांच्या घोळक्यात उभं राहून एक चहा व्हायचा, आणि माळावर पोचेपर्यंत ऊन गवताच्या शेंड्यांना लागलेलं असायचं. गवतावरून अगदी खालून भोवत्या ससाणा तरंगत जायचा, पंखही न हलवता. काळविटांचा कळप मान वर करून आमच्याकडं बघायचा. मी दर सकाळी तिथंच खिळून बघत राहायचे, आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी विचारायचं, "मॅडम, इथं रेंज कुठं येते?"

पाहुणे म्हणजे काय चीज असते ते मला त्या वर्षी कळलं. हिमालय ओलांडून आलेले राजहंस दाखवले, तर एक गृहस्थ म्हणाले, ही तर बदकंच आहेत. एका बाईंना काळवीट उन्हाकडं तोंड करून हवा होता, फोटोत सावली येत होती. एकानं मोबाईलवर टिटवीचा आवाज लावला आणि माळावरच्या साऱ्या टिटव्या आमच्या डोक्यावर येऊन अर्धा तास बोंबलत राहिल्या. त्यानंतर तासभर काहीही दिसलं नाही, आणि त्याबद्दल त्यानं माझ्याकडंच तक्रार केली. पोटभर पाहून झालं तरी सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, "आणखी काय आहे?"

पण खरा वैताग माझा मलाच आहे. मला नाही म्हणता येत नव्हतं. गाडी गवतात घाला म्हणाले, घातली. काचा खाली करून गाणी लावली, मी बाहेर बघत बसले. ड्रायव्हर लोक माझ्या वडिलांच्या वयाचे, गाडी त्यांची, रस्ता त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत; त्यांना काय सांगायचं. मी हसायचे आणि पुढच्या वळणाकडं बोट दाखवायचे.

माळ मला शिकवला तो पारूबाईनं. पन्नाशीची, काटक, अंगावर घोंगडी, हातात काठी आणि पुढं शे-दीडशे मेंढरं. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून तीच मेंढरं वळते. पहिल्यांदा आमची गाडी बघून ती काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. "काहून येऊन राहिले एवढे लोकं?" तिनं मला विचारलं. "त्यांच्या गावाला पाखरं न्हाईत का?" मी म्हटलं, मावशी, आहेत, पण इतकी नाहीत. "मंग इतकी लागतात कशाला?" मी पुस्तक मिटून पिशवीत घातलं.

गाड्या नसल्या की मी तिच्यामागून हिंडायचे. टिटवी माणसाला बघून वेगळी ओरडते आणि कुत्र्याला बघून वेगळी, हे तिनं मला कान धरून शिकवलं. खोकडाचं बीळ कोणतं आणि साळिंदराचं कोणतं, ते तोंडाशी पडलेल्या मातीवरून सांगायची. लांडग्याचं नाव मात्र ती मेंढरांसमोर घेत नसे. 'जनावर' म्हणायची. माझ्या तोंडून एकदा नाव निघालं तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जीभ चावली. त्या मोसमात जनावरानं तिचं एक कोकरू नेलं. मी हळहळले, तर ती म्हणाली, "नेलं तर नेलं. त्याचा वाटा व्हता. त्यालाबी घर हाय." आणि उरलेली मेंढरं मोजायला लागली.

पौषात एका सकाळी आमची गाडी ओढ्याच्या काठानं गेली. दुसऱ्या दिवशी पारूबाई सडकेवर माझी वाट बघत उभी. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत नेलं. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एक हिवराचं झुडूप होतं, त्याखाली तिनं मला पालथं झोपायला लावलं. समोरच्या दरडीत एक बीळ होतं. किती वेळ गेला कोण जाणे, दगड टोचून पोट बधिर झालं, आणि मग बिळाच्या तोंडाशी एक तपकिरी तोंड आलं. त्यामागं दुसरं. लांडग्याची चार पिल्लं होती. कान अजून पडलेले, पाय धड टेकत नव्हते, एकाच्या अंगावर दुसरं घसरत होतं. आई दूर गवतात बसून आमच्याच दिशेनं बघत होती. मला हुंदका आला. का आला ते मला सांगता यायचं नाही, पण आला, आणि पारूबाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

परत येताना ती म्हणाली, "तुझ्या गाड्या इकडूनच येऊन राहिल्या, म्हणून दाखवलं. न्हाईतर दाखवलं नसतं. लोकायला कळलं तर बिळात धूर घालतील. तुझ्या तोंडातून जायचं न्हाई."

"न्हाई जाणार, मावशी," मी म्हटलं. तिच्या भाषेत म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

आता ड्रायव्हरांना त्या बाजूला जाऊ नका म्हणून सांगायचं, तर ते का म्हणून विचारणार. मी एक युक्ती काढली. ओढ्याच्या दोनशे पावलं अलीकडं, जिथं चाकोरी फुटते तिथं, एक हातभर उंचीचा दगड उभा केला, त्याला टेकू म्हणून चार दगड लावले, दुरून दिसावा म्हणून चुना फासला आणि वरच्या बाभळीला जुन्या ओढणीची लाल चिंधी बांधली. ड्रायव्हरांना सांगितलं, पांढऱ्या दगडाच्या पुढं गाडी न्यायची नाही, संस्थेचा नियम आहे. नियम म्हटल्यावर त्यांनी माना डोलावल्या. मला माझंच कौतुक वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना नाही म्हटलं होतं, तेही तोंड न उघडता.

मी मराठवाड्यात जन्मले, इथंच वाढले. माळावर उभा दगड आणि वर चिंधी एकत्र आली की पुढचं काम लोक करतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला सुचलं नाही. बी.एस्सी. झालेल्या माणसाला काय काय सुचत नाही याची यादी करायला हवी.

आठ दिवसांनी दगड पाच होते त्याचे सात झाले. मला वाटलं गुराख्यांचा खेळ असेल. मग हळद आली. मग एक दिवस दगडाला शेंदूर आणि समोर नारळाची करवंटी. त्याच सुमाराला माणिकरावांचा ट्रॅक्टर ओढ्यात रुतला. माणिकराव म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी, उसाची वाहतूक करणारे, शब्दाला वजन असलेले. दोन तास चाकं नुसती गरगरली, मग त्यांनी दगडाला हात जोडले आणि ट्रॅक्टर निघाला. तो ट्रॅक्टर निघाला कारण तोवर दुसरा ट्रॅक्टर ओढायला आला होता, पण ही गोष्ट सांगताना तो दुसरा ट्रॅक्टर हळूहळू गळून गेला. पंधरा दिवसांत माळावरचा म्हसोबा सगळ्यांना ठाऊक झाला होता. कुणाची हरवलेली शेळी सापडली, कुणाच्या सुनेचा ताप उतरला.

आमचं घर बौद्ध. दगडाला दगड म्हणावं, ही आमच्या घरातली पहिली शिकवण. बाबा शाळेत शिपाई होते, निवृत्त झाले, सकाळी पेपर वाचताना जगावर शेरे मारत बसतात. त्यांच्या कानावर हे गेलंच. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "आपल्या खानदानात देव बसवायचं कुणाला जमलं न्हाई. तू जमवलंस." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. आई दाराआड जाऊन हसली. मला अजिबात हसू आलं नाही.

एका दुपारी मी दगड काढून टाकायला गेले. माळावर चिटपाखरू नव्हतं. मी दगडाला हात घातला आणि बोटांना ओला शेंदूर लागला. तिथंच थांबले. मला देवाची भीती नव्हती, हे शपथेवर सांगते. पण आमच्या घरच्या पोरीनं गावाचा देव उखडला, असं झालं असतं, आणि मग ते दगडावर थांबलं नसतं. मी हात गवताला पुसले आणि परत आले. बोटं दोन दिवस केशरी होती.

मग माणिकरावांनी कंदुरी बोलली. कंदुरी म्हणजे नवसाचं बकरं, मोठाली पातेली, आणि बोलावलेले न बोलावलेले सगळे जेवायला. जागा अर्थात म्हसोबाची. दगडापासून ओढा दोनशे पावलं, आणि ओढ्यात चार पिल्लं, ज्यांना अजून धड पळता येत नव्हतं. मी दोन रात्री तळमळले आणि मग माणिकरावांच्या घरी गेले. ओसरीवर चार माणसं बसलेली.

"काका, तो दगड मी लावलाय," मी सांगितलं. "गाड्या अडवायला खूण म्हणून. तिथं देव-बिव काही न्हाई."

मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा हसतील. माणिकराव गंभीर झाले. पुढं सरकून म्हणाले, "कोणत्या गाड्या? काहून अडवायच्या? म्होरं काय हाय?"

हे उत्तर दिलं असतं तर कंदुरी थांबली असती की नाही कुणास ठाऊक, पण बीळ नक्की कळलं असतं. ओसरीवर बसलेल्या चौघांपैकी दोघांची शेरडं त्या हिवाळ्यात लांडग्यानं नेली होती. मी म्हटलं, "काही न्हाई. गवत तुडवलं जातं म्हणून."

"गवत," माणिकराव म्हणाले. मग सगळ्यांकडं बघत, अगदी हळू आवाजात, "बघा. ही पोरगी देव मानत न्हाई, तरी त्यानं हिच्याच हातून बसवून घेतलं. यालाच म्हणतात जागृत." चौघांनी माना हलवल्या. एकानं तर मला नमस्कार केला. मी चपला घातल्या आणि घरी आले. आजही मी आंघोळ करताना माणिकरावांच्या त्या वाक्याला चांगली उत्तरं शोधून काढते.

रविवारी माळावर दोन पिकअप, सात-आठ बैलगाड्या, मोटारसायकली आणि एक स्पीकर आला. चुलीचा धूर वाऱ्यानं सरळ ओढ्याकडं जात होता. मी तिथं गेले, कारण निदान कुणी ओढ्यात उतरणार नाही एवढं तरी बघेन असं ठरवलं होतं. पोरं झाडाआड जायला त्याच बाजूला निघायची आणि मी त्यांना, तिकडं काटे आहेत, तिकडं विंचू आहेत, असं सांगून वळवायचे. पंगत बसली तेव्हा माणिकरावांनी मला हाक मारली आणि पहिली पत्रावळ माझ्या हातात दिली. बाबांच्या लहानपणी अशा पंगतीत आमच्या घराला जागा नव्हती. वेगळं, लांब, शेवटी. आणि आता सगळ्या गावासमोर पहिली पत्रावळ मला. नको म्हणणं निदान त्यासाठी तरी जमेना. मी मांडी घातली आणि जेवले. मटण चांगलं झालं होतं. हे मला अजून सहन होत नाही.

लोक अंधाराआधी पांगले. मागं हाडकं राहिली, आणि हाडकांना गावची कुत्री आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गेले तर पारूबाई आधीच तिथं होती. बिळापुढची माती कुत्र्यांच्या पायांनी उकरलेली. एक पिल्लू बिळाच्या तोंडाशी पडलं होतं. ओढ्याच्या वाळूत आईचे पाय वर जाताना, परत येताना, पुन्हा वर जाताना उमटले होते. काहींना तिनं तोंडात धरून नेलं असावं. किती नेली, किती पोचली, ते आम्हाला कधी कळलं नाही. पारूबाईनं ते पिल्लू उचललं, त्याच्या अंगावरची माती पदरानं पुसली, हात आत घालून त्याला बिळात खोल ठेवलं आणि मातीनं तोंड बुजवलं. मी मदतीला वाकले तर तिनं कोपरानं मला बाजूला सारलं.

मग तिनं विचारलं, "खूण काहून केली?"

मी ड्रायव्हरांचं सांगितलं. ते ऐकत नाहीत, कारण विचारतात, सांगता येत नव्हतं, म्हणून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडीच्या म्होरं तू उभी ऱ्हायची व्हतीस. दगडाला काय बोलता येतं?"

ती ओरडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ती हात झटकून मेंढरांकडं गेली.

तेव्हापासून मी नाही म्हणायला शिकले, आणि आता म्हणते ते इतकं म्हणते की लोक माझ्याविषयी वाईट लिहितात. गाईड तुसडी आहे, गाईड हसत नाही. गवतात गाडी घातली की मी खाली उतरते आणि चाकासमोर उभी राहते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, पाहुणे काचेतून हातवारे करतात, मी हलत नाही. हे इतकं सोपं होतं. फार तर एखादा मनुष्य तुमच्यावर नाराज होतो, त्यापलीकडं काही होत नाही. एवढं कळायला मला एक देव बसवावा लागला, याचा संताप माझा अजून उतरलेला नाही.

देवाचं मात्र बरं चाललंय. त्याच्यावर पत्र्याचं छप्पर आलं, पुढं फरशी आली, पाहुण्यांना तिथं थांबायचंच असतं. "मॅडम, या देवस्थानाची काय कथा आहे?" असं विचारतात. मी म्हणते, माणिकरावांना विचारा. ते तिथं असले तर सांगतातही, 'एका बौद्ध मुलीच्या हातून' इथून सुरुवात करतात, माझ्याकडं हात दाखवतात आणि पाहुणे माझा फोटो काढतात. तेवढा वेळ मी दुर्बीण डोळ्यांना लावून आभाळात ससाणा शोधते. नसला तरी शोधते.

गेल्या आठवड्यात पारूबाई भेटली. ती माझ्याशी बोलायची थांबली नाही कधी. तेवढा दुष्टपणा तिच्यात नाही. बाभळीखाली बसून तिनं मला चहा करून दिला. एका मेंढीच्या खुरात काटा होता, तो माझ्याकडून काढून घेतला, माझे डोळे अजून चांगले आहेत म्हणून. सुनेचं, पावसाचं, गुडघ्यांचं सगळं बोलून झालं. मी उठायला लागले तेव्हा ती चुलीकडं बघत म्हणाली, "औंदा हायेत. तीन."

मी तिच्याकडं पाहिलं.

"कुठं ते इचारू नको," ती म्हणाली.

मी विचारलं नाही. कप धुऊन दिला आणि सडकेकडं निघाले. तिची मेंढरं चरायला निघायची वेळ कधीच झाली होती, ती ओरडत होती, पुढची दोन-चार तर उठून चालायला लागली होती. पारूबाईनं काठी आडवी धरून त्यांना अडवलं. मी सडकेला लागेपर्यंत, वळण घेईपर्यंत, ती तशीच काठी धरून बसून राहिली. ती कोणत्या बाजूला जाते ते मला दिसू नये म्हणून.